पंख न हलवितां

चंद्रपूर जिल्ह्यांतील गडचांदूरहून आमच्या एका वाचक-भगिनींनीं पाठविलेलें पत्र या खेपेस आम्ही विषय म्हणून घेत आहों. घर एकत्र कुटुंबाचें. जेवणाच्या पंक्तीस बारा-चौदा पानें. दिरांचे चिरंजीव बारावीच्या शास्त्रशाखेंत, बाईंची स्वतःची कन्या नववींत. चिरंजीवांच्या पुस्तकांत एक उदाहरण आलें. पांचशें किलो वजनाचें एक ग्लायडर, म्हणजे इंजिनाविना उडणारें विमान, ताशीं ९० किलोमीटर अशा कायम वेगानें जात आहे, आणि दर २५ मीटर पुढें जातांना तें एक मीटर खालीं उतरत आहे. तर त्यास पुढें नेणारें बल किती? चिरंजीव म्हणाले, "वेग कायम आहे, तेव्हां बल शून्य. न्यूटनचा पहिला नियम." कन्या म्हणाली, "पण दादा, हवा त्याला अडवीत असेल ना? मग तें पुढें जातें तरी कशानें?" काकांनीं दादाची बाजू घेतली, आईनें मुलीची. इतक्यांत माजघरांतून सासूबाई म्हणाल्या, "अरे, गिधाडाकडे बघा कीं! पंख न हलवितां तासचे तास फिरत असतें." यावर मुलें गप्प राहिलीं, कारण त्यांपैकीं एकानेंहि आभाळांत गिधाड पाहिलेलें नव्हतें.

दादा खरा कीं ताई खरी, असें बाई विचारतात. आमचा निकाल असा कीं, दोघेंहि खरीं. मात्र दादाचें उत्तर अपुरें आहे आणि ताईचा प्रश्न अधिक मोलाचा आहे. ग्लायडरवरील सर्व बलांची बेरीज शून्य, हें दादाचें म्हणणें बिनचूक. परंतु बेरीज शून्य असणें आणि बलेंच नसणें या दोन निराळ्या गोष्टी होत. महिनाअखेर घरच्या जमाखर्चांत शिल्लक शून्य निघाली, म्हणून महिनाभर घरांत पैसा आलाच नाहीं व गेलाच नाहीं, असें कोणती गृहिणी म्हणेल? येथेंहि जमा आहे आणि खर्चहि आहे. तीं कोठून येतात व कोठें जातात, एवढेंच पाहावयाचें.

गडचांदूरहून जिवतीकडे जाणारा रस्ता माणिकगडच्या डोंगरांत चढतो. त्या रस्त्यानें कोणी सायकलवरून पायडल न मारतां उतरूं लागला, तर आरंभीं वेग वाढत जातो; पण वेगाबरोबर तोंडावर येणारा वाराहि वाढतो, आणि उतार बेताचा असेल तर कांहीं वेळानें वेग वाढण्याचें थांबतें. त्या क्षणापासून सायकल कायम वेगानें जाते. तेव्हां तिला पुढें कोण ओढतें? तिचें आणि स्वाराचें वजनच. वजन सरळ खालीं ओढतें खरें, पण रस्ता तिरपा असल्यामुळें त्या ओढीचा एक अंश रस्त्याच्या दिशेनें पडतो. तो अंश आणि वाऱ्याचा अडथळा समसमान झाले कीं वेग स्थिरावतो.

ग्लायडरची गोष्ट हुबेहूब अशीच आहे. भेद इतकाच कीं, त्याचा उतार डांबराचा नसून हवेचा आहे, आणि तो ग्लायडर स्वतःच आपल्यापुढें आंखीत जातें. पंचवीस मीटरांस एक मीटर हा त्याचा उतार. म्हणून त्याच्या वजनाचा पंचविसावा हिस्सा मार्गाच्या दिशेनें पुढें ओढतो. पांचशें किलोंचा पंचविसावा हिस्सा म्हणजे वीस किलो. दादाच्या पुस्तकांतील प्रश्नाचें उत्तर हेंच: वीस किलो वजनाइतकें बल पुढें, आणि तितकाच हवेचा रोध मागें. पांचशें किलोंचें धूड, आंत माणूस बसलेला, आणि त्यास अडविणारा रोध धान्याच्या एका लहानशा गोणीएवढा! वजनाचा उरलेला, मार्गाशीं काटकोनांत असलेला अंश पंखांवरील उचल तोलून धरते. ही उचल ४९९ किलोंहून किंचित् अधिक, म्हणजे जवळजवळ पूर्ण वजनाइतकीच. उचल आणि रोध यांचें प्रमाण पंचविसास एक. पुढें काटलेलें अंतर आणि गमावलेली उंची यांचेंहि प्रमाण पंचविसास एक. हे दोन निरनिराळे योगायोग नव्हेत, ही एकच गोष्ट आहे. ज्याला हें एकदां उमगलें, त्याला या जातीचें कोणतेंहि उदाहरण अडणार नाहीं.

पंखांस उचल मिळते कशी, याविषयीं येथें थोडी तक्रार नोंदवितों. पंखाची वरची बाजू फुगीर, म्हणून वरच्या हवेला लांबचा रस्ता. खालच्या हवेस मागील कडेशीं वेळेवर गांठावयाचें असल्यामुळें ती वरून धांवत सुटते, असें स्पष्टीकरण कित्येक शालेय पुस्तकांतून अद्याप छापलें जातें. वरच्या आणि खालच्या हवेनें एकाच मुहूर्तावर भेटावें असा कोणताहि करार झालेला नाहीं. वस्तुतः वरची हवा कडेशीं अगोदरच पोंचते. खरी हकीकत साधी आहे. तिरपा धरलेला पंख आपल्या भोंवतालच्या हवेस खालीं लोटतो. हवा उलट पंखास वर लोटते. वरच्या बाजूस दाब कमी होतो हें खरेंच, पण तें या लोटालोटीचें दुसरें रूप होय.

आतां खर्चाची बाजू. ताशीं ९० किलोमीटर म्हणजे सेकंदास २५ मीटर. तेव्हां आपलें ग्लायडर दर सेकंदास एक मीटर उंची खर्च करतें. पांचशें किलो एक मीटर खालीं येण्यानें सुमारें ४९०० ज्यूल ऊर्जा मोकळी होते. ही दर सेकंदाची कमाई, म्हणजे ४९०० वॅट, साधारण साडेसहा अश्वशक्ति. वीस किलोंच्या रोधाविरुद्ध सेकंदास २५ मीटर जाण्यास लागणारी शक्तिहि गुणून पाहावी. तीहि तितकीच भरते. विहिरीवर साडेसात अश्वशक्तीची मोटार बसविणाऱ्या शेतकऱ्यास हें ऐकून नवल वाटेल कीं, त्याच्या मोटारीच्या जोराहून कमी जोरांत एक माणूस हवेंतून ताशीं ९० किलोमीटर जात असतो, आणि वीजबिल भरते ती उंची.

पत्रांत काकांचा एक आक्षेप आहे कीं, ग्लायडर जड असेल तर तें लवकर पडेल, दूर जाणार नाहीं. बहुतेक सुशिक्षित माणसें असेंच म्हणतात. याच ग्लायडरचें वजन दुप्पट केलें अशी कल्पना करूं. पुढें ओढणारा हिस्सा दुप्पट झाला. पण दुप्पट वजन तोलण्यास उचलहि दुप्पट हवी. उचल आणि रोध हीं दोन्हीं वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतात. म्हणून वेग दोनाच्या वर्गमुळाइतक्या पटीनें, म्हणजे १.४१ पट झाला कीं दोन्हीं दुप्पट होतात आणि हिशेब पुन्हा जुळतो. उतार तोच राहिला, पंचविसास एक. केवळ वेग ताशीं ९० च्या जागीं सुमारें १२७ किलोमीटर झाला. एक हजार मीटर उंचीवरून हलकें ग्लायडर १००० सेकंदांत २५ किलोमीटर जाईल, जड ग्लायडर त्याच ठिकाणीं सुमारें ७०७ सेकंदांत पोंचेल. काकांचें अर्धें म्हणणें खरें झालें: तें लवकर उतरतें, पण कमी दूर जात नाहीं. शर्यतीचे वैमानिक तर मुद्दाम पंखांत पाणी भरून नेतात, आणि उतरण्यापूर्वीं तें सोडून देतात.

वाऱ्याचा मात्र प्रश्न निराळा. गडचांदूरच्या डोक्यावर एक हजार मीटर उंचीवर आपलें ग्लायडर आहे असें समजूं. नकाशावर सरळ रेषेनें राजुरा सुमारें २२ किलोमीटर, चंद्रपूर सुमारें २८. वारा पडलेला असेल तर राजुरा गांठतां येईल, चंद्रपूर थोडक्यांत हुकेल. आतां मृगाचा नैर्ऋत्येचा वारा सेकंदास पांच मीटर वेगानें सुटला आहे. ग्लायडर हवेंतून सेकंदास २५ मीटरच जाईल, पण हवाच ईशान्येकडे चाललेली असल्यामुळें जमिनीवरून तें ३० मीटर सरकेल, आणि हजार सेकंदांत ३० किलोमीटर काटून चंद्रपूरावर पोंचेल. हाच वारा समोरून आला तर पल्ला २० किलोमीटरांवर येतो, आणि राजुराहि हातचें जातें. कागदावरील हिशेब आहे. उतरतांना घिरटी घालण्यास लागणारी उंची यांत धरलेली नाहीं. परंतु ग्लायडरच्या वैमानिकास हा हिशेब प्रत्येक क्षणीं मनांत करीत राहावें लागतें, कारण चुकल्यास पुन्हा वर जाण्यास त्याजपाशीं इंजिन नसतें.

इंजिन असलेल्यांसहि कधींकधीं तो करावा लागतो. २३ जुलै १९८३ रोजीं कॅनडांत एका मोठ्या प्रवासी विमानाचीं दोन्हीं इंजिनें उंच आकाशांत एकामागून एक बंद पडलीं. कारण असें कीं, इंधन भरतांना किलो आणि पौंड यांत घोटाळा झाला व टांक्यांत निम्म्याहूनहि कमी इंधन पडलें. मुलांनीं एकक लिहिण्याचा कंटाळा केला म्हणजे त्यांस ही हकीकत सांगण्यासारखी आहे. कप्तान रॉबर्ट पीयरसन यांस ग्लायडर चालविण्याचा छंद होता. गमावलेली उंची व काटलेलें अंतर यांवरून त्या प्रचंड विमानाचें प्रमाण साधारण बारास एक येतें असें दुय्यम वैमानिकानें भराभर काढलें, आणि गिमली येथील जुन्या विमानतळावर तें उतरविण्यांत आलें. विमानांतील ६९ माणसांपैकीं एकहि दगावलें नाहीं. याच्या उलट, या विद्येचा आद्य पुरुष जो जर्मन अभियंता ऑटो लिलिएनथाल, दोन हजारांवर उड्डाणें केलेला, तो ९ ऑगस्ट १८९६ रोजीं ग्लायडरचा वेग तुटून खालीं कोसळला व दुसऱ्या दिवशीं वारला. फार सावकाश गेलें तर पंखांवरील हवा सुटते आणि उचल एकाएकीं कोसळते. नाक वर धरून दूर जातां येत नाहीं, हें त्याच्या प्राणांच्या मोलानें जगास कळलें.

पण ही उंची मुळांत मिळते कोठून? पुण्याजवळ हडपसर येथें १९५० सालीं सरकारनें ग्लायडिंगचें केंद्र स्थापन केलें. तेथें जमिनीवरील यंत्राच्या रिळावर लांब तार वेगानें गुंडाळून, पतंग ओढून वर चढवावा त्याप्रमाणें ग्लायडर वर चढवीत. दुसरी रीत म्हणजे इंजिनाच्या विमानामागें दोरानें ओढणें. चिरंजीवांच्या पुस्तकांतील पुढचें उदाहरण याच रीतीवर आहे: एका विमानामागें एकामागें एक दोन ग्लायडरें, आणि पुढच्या दोरावर अमुक इतकाच ताण चालेल. त्यांनीं पुस्तकाच्या समासांत "असें कोण करतें?" असा शेरा मारला आहे म्हणे. केलें आहे, आणि आपल्याच देशांतून केलें आहे. ५ मार्च १९४४ च्या रात्रीं आसामांतील लालाघाट येथून डाकोटा विमानांनीं प्रत्येकीं दोन-दोन ग्लायडरें ओढीत ब्रह्मदेशांतील जपानी फौजेच्या पिछाडीस विंगेट यांचें सैन्य उतरविलें. ग्लायडरें प्रमाणाबाहेर भरलेलीं होतीं. डोंगरांवरून जातांना पुष्कळांचे दोर तुटले, आणि आंतील माणसें अंधारांत रानांत उतरलीं. तेव्हां दोराच्या ताणाची मर्यादा ही परीक्षकाची लहर नव्हे.

आकडे सोपे घेऊन तें उदाहरण सोडवूं. प्रत्येक ग्लायडर ५०० किलोंचें. धांवपट्टीवर प्रत्येकास अडथळा ५०० न्यूटन. पुढचा दोर ६००० न्यूटनपर्यंत टिकतो. उडण्यास सेकंदास ३० मीटर वेग हवा. पुढचा दोर दोन्हीं ग्लायडरांस ओढतो. त्याच्या ६००० न्यूटनांतून दोघांचा अडथळा १००० वजा जातां ५००० उरले; ते १००० किलोंस सेकंदागणिक ५ मीटर वेगवाढ देतात. ३० चा वर्ग ९००, त्यास पांचाच्या दुपटीनें भागिलें म्हणजे ९० मीटर; निदान इतकी धांव पाहिजे. मागच्या दोराचा ताण काढतांना मुलें हटकून चुकतात. सगळा ताण तसाच मागें जातो असें त्यांस वाटतें. मागच्या दोराला फक्त शेवटचें ग्लायडर ओढावयाचें आहे: वेगवाढीसाठीं २५०० आणि अडथळ्यासाठीं ५००, मिळून ३०००. नेमका अर्धा. कोळशाच्या मालगाडींत इंजिनालगतच्या सांधणीवर सर्वांत अधिक ओढ येते आणि शेवटच्या डब्याच्या सांधणीवर सर्वांत कमी, त्यांतलाच हा प्रकार. तीच मालगाडी सुटतांना डबे एकामागून एक खडखडतात, तो ढिल्या सांधणीचा हिसका. दोरहि बहुधा सावकाश ओढण्यानें तुटत नाहीं; ढिला पडून एकदम ताठ होतांना तुटतो.

दोर सोडल्यावर उंची देणारा एकच धनी उरतो, आणि तो गडचांदूरकरांच्या फार ओळखीचा आहे. एप्रिल-मेमध्यें त्या भागांत पारा पंचेचाळिसाच्या वर जातो. पिकें निघालेलीं, काळी जमीन उघडी, खाणींची चुनखडी तापलेली. त्यावरील हवा तापून हलकी होते व तिचे स्तंभ वर चढूं लागतात. शेजारच्या रानावरील हवा तितकी तापत नाहीं. अशा स्तंभांत हवा सेकंदास तीन मीटर चढत असेल आणि आपलें ग्लायडर त्या हवेंत सेकंदास एक मीटर उतरत असेल, तर जमिनीवरून पाहणारास तें सेकंदास दोन मीटर चढतांना दिसेल. वर सरकणाऱ्या जिन्यावरून सावकाश खालीं उतरणाऱ्या माणसासारखी ही गंमत आहे. साडेआठ मिनिटांच्या आंत हजार मीटर उंची पुन्हा पदरांत पडते.

अडचण एवढीच कीं, स्तंभ अरुंद असतो आणि त्यांत राहण्यास फिरत राहावें लागतें. वेग अधिक तितका फेरा मोठा, आणि तोहि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत. तीस अंश कलून सेकंदास २५ मीटर वेगानें फिरणाऱ्या ग्लायडरच्या फेऱ्याची त्रिज्या सुमारें ११० मीटर येते. तितकेंच कलून सेकंदास दहा मीटर वेगानें फिरणाऱ्या गिधाडास १८ मीटर पुरतात. जेथें ग्लायडरला शिरकाव नाहीं तेथें गिधाड सुखानें चढतें. कॉलिन पेनिक्विक या इंग्रज शास्त्रज्ञानें पूर्व आफ्रिकेंत गिधाडांमागें स्वतः ग्लायडर नेऊन मापें घेतलीं व १९७१ सालीं तीं प्रसिद्ध केलीं: प्रमाण फार तर पंधरास एक, परंतु सावकाश तरंगतांना उतरण सेकंदास केवळ पाऊण मीटर. साडेपांच किलोंच्या पक्ष्याचा हा खर्च सुमारें चाळीस वॅट होतो, एका लहान दिव्याइतका, आणि तोहि सूर्य भरतो. सासूबाईंनीं मुलांपुढें ठेवलेला दाखला पुस्तकांतल्या आंकड्यांपेक्षां सरस होता, तो असा.

आणि तो दाखला मुलांस दिसला नाहीं याचें कारण पदार्थविज्ञानांत नाहीं. पांढऱ्या पाठीचीं गिधाडें १९९० नंतरच्या पंधरा-सोळा वर्षांत भारतांतून शंभरांत नव्याण्णवांहून अधिक नाहींशीं झालीं. दुखण्यावर गुरांस टोंचलें जाणारें डायक्लोफिनॅक हें औषध मेलेल्या जनावराच्या मांसांत राहतें. तें खाल्लें कीं गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होतात. हें २००४ सालीं उघड झालें, २००६ सालीं गुरांसाठीं त्या औषधास बंदी झाली. त्याच जातीच्या आणखी दोन औषधांस बंदी व्हावयास २०२३ साल उजाडलें. जानेवारी २०२४ मध्यें हरियाणांतील पिंजोरच्या प्रजनन-केंद्रांतून दहा गिधाडें चंद्रपूर जिल्ह्यांतीलच ताडोबाच्या रानांत आणलीं गेलीं व पुढें मोकळीं सोडलीं गेलीं. सगळीं जगलीं नाहींत. एक मात्र पार तमिळनाडूपर्यंत गेलें. पिंजऱ्यांत वाढलेल्या पक्ष्यास हवेचा कोणता स्तंभ कोठें चढतो हें कोणी शिकविलेलें नसतें, आणि पंख मारीत तेवढा पल्ला गांठणें त्याच्या ताकदीपलीकडचें होय. म्हणून ही एकाची वाटचाल आम्हांस विशेष वाटते. त्या घरच्या मुलांनीं उन्हाळ्याच्या सुट्टींत दुपारीं दहा-अकरानंतर माणिकगडच्या कड्यांकडे लक्ष ठेवावें. तूर्त घारी तरी दिसतीलच, आणि हिशेब त्यांसहि तोच लागू आहे.

ताईसाठीं एक उदाहरण देऊन ठेवतों. दादानें मदत करूं नये. गडचिरोलीच्या रानांत उडती खार आहे. तिला पंख नाहींत, पुढच्या व मागच्या पायांमधली कातडी ताणून ती झाडावरून झाडावर तरंगत जाते. दीड किलो वजनाची खार प्रत्येक दोन मीटर पुढें जातांना एक मीटर उतरते, व वेग कायम आहे असें धरावें. तिच्यावरील हवेचा रोध किती? ग्लायडरच्या वेळीं आपण वजनास पंचविसांनीं भागून मोकळे झालों. येथें दोनांनीं भागून पाऊण किलो हें उत्तर लिहिल्यास तें चुकेल. कां चुकेल, आणि खरा आंकडा किती, हें काटकोन त्रिकोण काढून पाहावें.